दुबार लेबल काढण्याची शास्त्रोक्त पद्धत

समजा, शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या तक्रारी गिटहबवर नोंदवणारं एखादं सॉफ्टवेअर तुमच्या गळ्यात पडलं आहे. तक्रारींना लावायची लेबलं एका वायएमएल फाइलमध्ये लिहिलेली असतात: नाव, त्याखाली रंग आणि वर्णन. फाइल उघडताच दिसतं की ‘बिबट्या’ वर एकदा लाल आहे आणि खाली पुन्हा पिवळा. वनखात्याला कळवू नका.

प्रथम गुन्हेगार शोधावा. ‘गिट ब्लेम’ हा हुकूम त्यासाठीच आहे. कुठली ओळ कोणी लिहिली ते तो सांगतो. बहुतेकदा गुन्हेगार नोकरी सोडून हिंजवडीला गेलेला असतो. लेबल यानं हलत नाही, पण चहाला विषय मिळतो.

मग खरं कुठलं? एकच नाव दोनदा लिहू नये, असा वायएमएलचा नियम आहे. पण पायथनमधलं पायवायएमएल चकार शब्द न काढता शेवटची नोंद धरतं. तुम्ही वर लाल रंग घोटत बसता आणि बिबट्या पिवळाच राहतो.

हे झालं सोपं प्रकरण. खरी फजिती ‘शिरूर’ आणि ‘शिरुर’ची. पाटीवर दोन्ही खपतात. संगणकाला ती दोन गावं वाटतात. उलट नुसतं ‘शिरूर’ दोनदा दिसलं, तर लगेच कात्री चालवू नये. एक घोडनदीकाठचं असेल, दुसरं बीड जिल्ह्यातलं शिरूर कासार. लातूर जिल्ह्यात तर शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद अशी जोडीच आहे. संगणक यायच्या कितीतरी आधी लोकांनी गावाला शेपूट लावून हा प्रश्न मिटवला होता. तुम्हीही लावा. वर्णनात ४१२२१० हा पिनकोड टाकला, की आपलं शिरूर वेगळं पडतं.

दौंडकरांनी हसू नये. ‘दौंड’ आणि ‘दौंड कॉर्ड लाइन’ ही दोन वेगळी स्थानकं आहेत. एखाद्या उत्साही पोरानं दुसरं दुबार समजून उडवलं, तर त्या स्थानकावरच्या तक्रारी भलत्याच फलाटावर जातील. जुन्या रेल्वे कागदांतलं ‘धोंड’ मात्र दौंडच. ते खुशाल विलीन करा. आणि ‘ऊस’ व ‘बिबट्या’ कायम एकाच तक्रारीवर असतात म्हणून त्यातलं एक काढू, असं जो सुचवेल, त्याला रात्रीच्या लाइटीत उसाची दारं धरायला पाठवावं.

आता प्रत्यक्ष काढणं. गिटहबवर लेबल पुसलं की ते सगळ्या तक्रारींवरूनही जातं. नुसतं नाव बदललं तर चिकटून राहतं; पण ‘शिरुर’चं ‘शिरूर’ करायला जाल, तर ते नाव आधीच घेतलेलं असतं. तेव्हा ऱ्हस्व शिरुरच्या एकूणएक तक्रारींना आधी दीर्घ शिरूर लावा, आकडा जुळवा, मगच पुसा. फाइलमधली ओळ आधी उडवण्याची घाई करू नका. फाइलमध्ये नसलेलं लेबल गिटहबवरूनही साफ करणारी कर्तव्यदक्ष साधनं असतात आणि ती विचारत बसत नाहीत.

शेवटची सूचना: यादीत ‘डुप्लिकेट’ नावाचं करड्या रंगाचं लेबल दिसेल. ते काढू नका. ते गिटहबच प्रत्येक नव्या रेपॉझिटरीत घालून देतं.