जाते, गिरणी आणि ओटीपी

स्मार्टफोन सर्वसामान्य माणसाच्या जीवनातून वैयक्तिक संगणकाला कायमचे हद्दपार करील काय, हा प्रश्न वरवर तंत्रज्ञानाचा वाटत असला, तरी त्यातील संज्ञा तपासून घेतल्याशिवाय त्याला हात घालणे धोक्याचे आहे. ‘सर्वसामान्य वापरकर्ता’ म्हणजे यंत्राकडून आपल्याला काय हवे आहे हे ज्याला सांगता येत नाही, परंतु ते मिळालेले नाही हे ज्याला तत्काळ कळते, असा मनुष्य. ‘स्मार्टफोन’ म्हणजे ज्यावर सर्व काही करता येते, मात्र ज्यावर कोणी खरोखरच फोन केला तर ‘काही बरेवाईट तर नाही ना’ अशी शंका येते, असे खिशातले यंत्र. ‘वैयक्तिक संगणक’ ही तिसरी संज्ञा मराठी घरापुरती वदतोव्याघात, म्हणजे स्वतःच्याच बोलण्याला खोटे पाडणारी ठरते. आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला, तेव्हा त्या विशेषणाचा रोख असा होता की, जे यंत्र तोवर सबंध संस्थेत मिळून एक असे, ते आता एका माणसाच्या टेबलावर त्या एकट्यासाठी येईल. महाराष्ट्रातल्या घरात ते आले तेव्हा टेबल एक होते, माणसे सहा होती आणि पासवर्ड सर्वांना ठाऊक होता. किंबहुना तो घरातल्या शेंडेफळाचे लाडके नाव आणि जन्मसाल एवढाच असल्यामुळे शेजाऱ्यांनाही ठाऊक होता.

दुसरी अडचण ‘हद्दपार’ या शब्दाची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील केवळ ९.५ टक्के कुटुंबांकडे संगणक किंवा लॅपटॉप होता, आणि तोही इंटरनेटसह असलेली कुटुंबे ३.१ टक्के होती. पुढे २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात शहरी कुटुंबांत संगणकाचे प्रमाण २३.४ टक्के, तर ग्रामीण कुटुंबांत ४.४ टक्के भरले. याचा अर्थ, ज्या बहुसंख्य घरांत फोनने संगणकाला गादीवरून खाली खेचले असे मानले जाते, त्या घरांत गादीवर कोणी बसलेलेच नव्हते, आणि पदच्युत राजाशिवाय झालेल्या या राज्यक्रांतीची बखर लिहिणे कोणत्याही बखरकाराला जड जावे.

ज्या थोड्या घरांत तो होता, तेथे त्याचे स्थान उपकरणाचे कमी आणि दैवताचे अधिक होते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मध्यमवर्गीय कुटुंबाने घेतलेला संगणक बहुधा ‘असेम्बल्ड’, म्हणजे सुटे भाग वेगवेगळे आणून जोडलेला असे; हे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून आणि अन्यत्र कोणाच्या तरी ओळखीच्या मुलाकडून येत, आणि तो मुलगा पुढील पाच वर्षे घरी जेवायला येई. संगणकासाठी खास सरकत्या फळीचे टेबल केले जाई, त्यावर भरतकाम केलेले आच्छादन पडे, खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, आणि खंडेनवमीला सीपीयूवर झेंडूचे फूल चढे. (सीपीयू म्हणजे शास्त्रतः केवळ आतली प्रक्रिया करणारी चिप, परंतु मराठी घरांत टेबलाखालच्या सबंध पत्र्याच्या पेटीला सीपीयू म्हणतात आणि ती पेटी पायाला लागली की नमस्कार करतात.) खरेदीमागील घोषित हेतू ‘मुलांचा अभ्यास’ हा असला, तरी प्रत्यक्ष उपयोग पाहता, विंडोजच्या १९९० सालच्या आवृत्तीपासून सोबत येणाऱ्या सॉलिटेअर या पत्त्यांच्या खेळात निवृत्त आजोबांनी मिळवलेले प्रावीण्य हेच त्या गुंतवणुकीचे ठोस फलित म्हणावे लागते. २००१ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला आणि सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागू लागले, तेव्हा संगणक हाताळणाऱ्यांची संख्या निश्चितच वाढली; मात्र प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेवल्यावर माउसला पुन्हा हात न लावणारा वर्गही त्याच वेगाने वाढला.

अशा देवघरातल्या यंत्राची जागा घेणे अवघड नव्हते. ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन जगापुढे ठेवला, आणि २०१० साली एका मुलाखतीत संगणकाची तुलना ट्रकशी केली: देश शेतीवर जगत होता तेव्हा सगळ्यांना ट्रक लागे, माणसे शहरांत आली तशा मोटारी वाढल्या, तसेच संगणकाचे होईल, तो राहील पण थोड्यांनाच लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुण्या-मुंबईत ज्याने भाड्याचे घर एकदा तरी बदलले आहे, त्याला ट्रक किती क्वचित लागतो आणि लागतो तेव्हा किती तीव्रतेने लागतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय तो स्वतःच्या मालकीचा असावा लागत नाही, ही बाबही पुढील विवेचनात कामी येणार आहे. भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट जवळजवळ फुकट झाले, आणि योगायोग असा की, त्याच्या पुढच्याच महिन्यात, स्टॅटकाउंटर या मोजणी करणाऱ्या संस्थेच्या नोंदीप्रमाणे, जगभर संकेतस्थळे पाहण्याच्या कामी फोन आणि टॅब्लेट यांनी मिळून प्रथमच संगणकाला मागे टाकले. गाणी, चित्रपट, रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल, सुप्रभातचे संदेश आणि भाचीच्या बारशाची चित्रफीत ही सर्व खाती फोनकडे गेली. आजोबांचे पत्तेसुद्धा गेले. टेबल राहिले, आणि त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवण्याची सोय झाली.

येथवर फोनचा विजय निर्विवाद दिसतो. तो संपूर्ण व्हावा म्हणून खुद्द कंपन्यांनीही जोर लावला. मोटोरोलाचा अॅट्रिक्स २०११ साली, मायक्रोसॉफ्टचे कॉन्टिन्युअम २०१५ साली आणि सॅमसंगचे डेक्स २०१७ साली एकच आश्वासन घेऊन आले: फोन एका बैठकीत खोचावा, ती बैठक मोठ्या पडद्याला जोडावी, जवळ कळफलक आणि माउस ठेवावा, की झाला संगणक. या योजनेतील तर्कदोष दाखवायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. ज्याच्या टेबलावर पडदा, कळफलक आणि माउस आधीच मांडलेले आहेत, त्याच्याकडे संगणकात उणे असते ती फक्त पायाला लागणारी पेटी. घोडा नसलेल्याला नाल, लगाम आणि खोगीर आणायला सांगून उरलेल्या घोड्याची सोय आपण करू म्हणण्यासारखेच हे होते.

फोनची खरी परीक्षा पाहण्यात नसून भरण्यात आहे. महाराष्ट्रातील कुटुंबाच्या आयुष्यात अकरावीचा प्रवेश, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पोलीस भरती आणि सातबारा असे काही प्रसंग येतात, ज्यांना ‘फॉर्म’ या एका शब्दात सामावले जाते, आणि फॉर्म हा प्रकार फोनच्या सहा इंची पडद्यावर उघडला असता त्याचा डावा भाग दिसतो तेव्हा उजवा दिसत नाही, ‘पुढे’ हे बटण दिसते तेव्हा तो पुढे जात नाही, आणि कॅप्चा, म्हणजे अर्जदार यंत्र नसून माणूस आहे हे सिद्ध करण्यासाठी दिलेली वेडीवाकडी अक्षरे, वाचण्यासाठी पडदा मोठा केला की अर्जच गडप होतो. त्यात छायाचित्राची अट असते. फोनच्या कॅमेऱ्याची जाहिरात त्याच्या भव्यतेवर चालते आणि त्याने काढलेला चेहऱ्याचा फोटो सहज चार एमबी भरतो. अर्जाला तो पन्नास केबीच्या आत हवा असतो, म्हणजे ज्या तपशिलासाठी पैसे मोजले त्याचा ऐंशीवा हिस्सा ठेवून बाकीचा पुसून टाकावा लागतो. (आयबीएमच्या १९८१ च्या मूळ संगणकाची किमान स्मृती १६ केबी होती, त्यामुळे त्यात हा आक्रसलेला फोटोही मावला नसता, परंतु तेव्हा फॉर्मला फोटो डिंकाने चिकटत असे, हा त्या काळाचा मोठेपणा मान्य केला पाहिजे.) स्वाक्षरीची अट त्याहून निराळी. पांढऱ्या कागदावर सही करून तिचा फोटो काढताना फोनची स्वतःचीच सावली तीवर पडते, आणि मग सही खरी असूनही अंधारात केल्यासारखी दिसते.

लेखनाचेही तसेच. फोनवर मराठी बोलून लिहिता येते आणि ते पुष्कळदा बरोबरही उमटते, पण ‘आपला नम्र’ असे खणखणीत आवाजात फोनला सांगणारा मनुष्य बसमध्ये नम्र वाटत नाही. लिपिकाच्या पदासाठी राज्य शासन आजही मराठीत मिनिटाला ३० आणि इंग्रजीत ४० शब्दांचा टंकलेखनाचा वेग मागते, आणि तो कळफलकावरचा असतो. अंगठ्यांच्या वेगाचे प्रमाणपत्र अद्याप निघालेले नाही, अन्यथा राज्यातील संपूर्ण तरुण पिढी एका रात्रीत पात्र ठरली असती. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाची अवस्था याहून करुण असते. बेचाळीस सदनिकांच्या देखभाल खर्चाचा तक्ता फोनवर उघडला की, थकबाकीचा आकडा एका टोकाला राहतो आणि तो कोणाचा आहे ते नाव दुसऱ्या टोकाला. या दोहोंच्या दरम्यान बोट सरकवताना चुकून झालेल्या नोंदींवर वार्षिक सर्वसाधारण सभा होतात.

मग हे फॉर्म भरतो कोण, या प्रश्नाचे उत्तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात आहे, आणि तेथेच या प्रबंधाचा मूळ सिद्धान्तही आहे. ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ ही पाटी नीट पाहिली असता लक्षात येते की, संगणक मेलेला नसून घर सोडून नाक्यावर राहायला गेला आहे, आणि मराठी घराला हा अनुभव नवा नाही. एके काळी प्रत्येक घरात जाते होते. गिरणी आल्यावर ते माडीखाली, मग परसात आणि शेवटी लग्नाच्या विधीपुरते राहिले. तरी म्हणून कोणी पीठ खाणे सोडले नाही. दळणाचा डबा गिरणीत जाऊ लागला, तसा आता कागदपत्रांचा संच व्हॉट्सअॅपवरून दुकानदाराकडे जातो. दोन्ही ठिकाणचे शिष्टाचार सारखे आहेत: रांग असते, नंबर लावून भाजी आणायला जाता येते, आणि ‘जाडसर दळा’ या सूचनेप्रमाणेच ‘जन्मतारीख नीट टाका’ या सूचनेलाही दुकानदार मान डोलावतो व आपल्या सवयीप्रमाणे करतो. साम्य येथेच संपत नाही. गव्हाच्या पिठाच्या पहिल्या ओंजळीत आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी येणार, हे गृहिणी गृहीत धरते. त्याचप्रमाणे झेरॉक्सवाल्याच्या संगणकातील ‘डाउनलोड्स’ नावाच्या कप्प्यात सबंध प्रभागाची आधारकार्डे, गुणपत्रिका आणि दोन-चार लग्नपत्रिका एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि आपली प्रत छापून घेताना शेजाऱ्याचे वार्षिक उत्पन्न कळणे हा त्या सेवेचा विनामूल्य भाग मानला जातो. गिरणीवाल्याचा पट्टा तुटतो तेव्हा तो ‘उद्या या’ म्हणतो, आणि डबा तिथेच ठेवून यावे लागते.

या सिद्धान्ताला अपवाद नाहीत असे नाही. राज्य शासनाची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली, आणि त्यात शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभे राहून पिकाचा फोटो स्थानाच्या नोंदीसह फोनवरून पाठवायचा असतो. टेबल, यूपीएस आणि भरतकामाचे आच्छादन बांधावर नेणे शक्य नसल्यामुळे येथे संगणकाचा दावा आपोआप निकालात निघतो. उलट, २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉप घेतले, त्यांची तुलना घरघंटीशी करता येईल: घरातच दळण व्हावे म्हणून हौसेने आणलेली, आवाज करणारी आणि पाहुण्यांना आवर्जून दाखवली जाणारी. त्याच काळात असंख्य मुलांची शाळा मात्र वडिलांच्या फोनवर भरली, आणि वडिलांना फोन आला की भूमिती थांबे.

फोन आणि संगणक यांच्या संबंधाचे खरे स्वरूप दुकानात फॉर्म शेवटच्या पानावर येतो तेव्हा उघड होते. संगणकाने सर्व माहिती घेतलेली असते, पण त्याचा त्या माहितीवर विश्वास नसतो. तो फोनची साक्ष मागतो. ही साक्ष म्हणजे ओटीपी, एकदाच चालणारा आणि काही मिनिटांत बाद होणारा अंकी संकेत. एक यंत्र प्रश्न विचारते, दुसरे उत्तर देते, आणि ही दोन्ही यंत्रे हातभर अंतरावर असूनही एकमेकांशी बोलत नसल्यामुळे मध्ये एक माणूस उभा करावा लागतो, ज्याचे काम सहा आकडे मोठ्याने वाचण्याचे असते. “काका, ओटीपी आला का?” या प्रश्नावर काकांच्या ध्यानात येते की, आधारशी जोडलेला क्रमांक मुलाचा आहे, मुलगा हिंजवडीत आहे आणि बैठकीत आहे. मुलगा तरीही आकडे तातडीने व्हॉट्सअॅपवर धाडतो. परंतु काकांचा फोन फोटो उतरवून घेण्यासाठी दुकानदाराच्या संगणकाला वायरने जोडलेला असतो, वायर काढली तर फोटो अर्धवट राहतो, न काढावी तर फोन चष्म्याच्या टप्प्यात येत नाही. अखेर रांगेतला एक तरुण काउंटरवर ओणवा होऊन आकडे वाचतो, ते सबंध दुकान ऐकते, दुकानदार ते भरतो, पडद्यावर एक पांढरे वर्तुळ फिरू लागते, आणि बऱ्याच वेळाने दुकानदार खुर्ची मागे सारतो.

“सर्व्हर डाऊन आहे, काका. कागद इथेच राहू द्या, उद्या या.”