म्हशीलाबी बारा आकडी नंबर

"वैनी, ए वैनी! ऐकलंस का? आमच्या म्हशीला नंबर मिळाला."

"कुठल्या प्रदर्शनात हो, आक्का?"

"प्रदर्शन कसलं आलंय! कानात. काल डॉक्टर पिवळं बिल्लं ठोकून गेला. बारा आकडी हाय. मोबाईलवर ते आकडे टाकलं की तिचं वय, जात, टोचलेल्या लसी, समदं दिसतंय म्हनं."

"मग आता तिची केवायसी तेवढी करून आणा. लाडक्या म्हशीचा हप्ता चालू हुईल."

कुंडलात आमच्या गल्लीत परड्याला परडं लागून आहे. मधे तारेचं कुंपण, त्यावर घेवड्याचा वेल. पल्याड आक्का, अल्याड वैनी आणि तिसऱ्या अंगाला माझी खिडकी. बातम्या टीव्हीवर रात्री लागतात, पण त्यांचा निकाल सकाळी ह्या कुंपणावर लागतो. वैनींचा धाकटा दीर ऑनलाइन कामांचं केंद्र चालवतो. त्याला सगळी गल्ली भाऊजीच म्हणते. चहाचा कप घेऊन तोही बाहेर आला.

"हसू नका, वैनी. 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करायची न्हाई, असा सरकारचा हुकूमच हाय. आणि आपल्याकडं हे नवं न्हाई. भिलवडीच्या चितळ्यांच्या डेअरीनं जनावरांच्या कानात चिपा कवाच घातल्यात."

"घालू देत की," आक्का म्हणाल्या. "म्हैस चोरीला गेली तर सापडंल. म्हशीचं चार लोकांला कळून तिचं काय बिघडतंय? बिघडतंय ते माणसाचं."

म्हशीवरून गाडी माणसावर आली ती अशी. बारा आकडी नंबराचा मान माणसाला आधी मिळाला, आणि तोही आपल्याच राज्यात: देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हा ते सक्तीचं नाही असं सांगितलं जात होतं. 2025 च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बहिणीचं आधार पुरेना. नवऱ्याचं, नवरा नसेल तर बापाचंही लागलं.

"भाऊजी, एक इचारू?" वैनी म्हणाल्या. "तवा तुमच्या केंद्रावर निम्मं गाव येऊन अंगठा न् ओटीपी देऊन गेलं. ते सगळं तुमच्या कंप्युटरात हाय का गेलं?"

भाऊजीनं चहाचा घोट जरा लांबवला. "झेरॉक्स हाईत अजून. टाकायच्यात."

"टाकायच्यात न्हाईत, फाडायच्यात," आक्कांनी सुनावलं. "मागं बाजारात भजी घेतली, तर कागदावर कुणाचं तरी रेशनकार्ड! कितीजण खाणार, कितीजण राबणार, समदं तेलात भिजलेलं."

विषय निघालाच होता, म्हणून वैनींनी मनातली शंका काढली. "परवा आपण हितंच सरकीच्या पेंडीचं बोलत हुतो ना? रातच्याला मोबाईल उघडला तर पेंडीची जाहिरात! ह्यो ऐकतोय का काय आपलं?"

ही शंका एकट्या वैनींची नाही. पुण्यातल्या इंजिनिअरांनाही ती येते. कंपन्या म्हणतात, जाहिरातीसाठी आम्ही कुणाचं बोलणं ऐकत नाही. पण अमेरिकेत अ‍ॅपल कंपनीवर 2019 मध्ये खटला झाला होता. कुणी हाक मारलेली नसताना त्यांची सिरी लोकांचं घरातलं बोलणं टिपत होती, असा आरोप होता. जानेवारी 2025 मध्ये कंपनीनं साडेनऊ कोटी डॉलर देऊन तो मिटवायचं कबूल केलं. चूक मात्र कबूल केली नाही.

"साडेनऊ कोटी डॉलर म्हंजे किती रं?"

"आठशे कोटी रुपयांच्या वर, आक्का."

"आन चूक काय न्हाई! लई दानशूर मानूस म्हनायचा."

भाऊजीचं म्हणणं वेगळं. "ऐकायची गरजच काय त्यांना? आमच्या दादानं, म्हंजे तुमच्या मालकानं, आदल्या दिवशी पेंडीचा भाव मोबाईलवर बघितला. तुम्ही दोघं एकाच वायफायवर. पलूसला पशुखाद्याच्या दुकानात थांबलेला, तेबी मोबाईलला ठाऊक. एवढ्यावर कुणीबी सांगंल की ह्या घरात जनावर हाय."

"म्हंजे कान न्हाईत, पन डोळं हाईत," आक्कांनी निष्कर्ष काढला.

व्हॉट्सअ‍ॅपचा तमाशा तर सगळ्यांना आठवत असेल. जानेवारी 2021 मध्ये नवी अट आली: तुमची काही माहिती आमच्या भावकीतल्या कंपन्यांना देऊ, मान्य करा, नाहीतर पुढं वापरता येणार नाही. तेव्हा आमच्या गल्लीनंही बंड केलं होतं. भाऊजीनं सगळ्यांना सिग्नल हे दुसरं अ‍ॅप घालून दिलं. पण बचतगट व्हॉट्सअ‍ॅपवर, शाळेचा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर, माहेरची माणसं व्हॉट्सअ‍ॅपवर. सिग्नलवर वैनींना बोलायला एकटे भाऊजीच सापडले, आणि ते तर शेजारच्या खोलीत. बंड मोडलं.

भारतीय स्पर्धा आयोगानं ह्याच अडचणीवर बोट ठेवलं. लोकांना दुसरीकडं जायला वाट नसताना घेतलेली संमती ही संमती नव्हे, असं ठरवून 18 नोव्हेंबर 2024 रोजी व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक मेटा कंपनीला 213 कोटी 14 लाखांचा दंड केला आणि पाच वर्षं जाहिरातींसाठी माहिती वाटायला बंदी घातली. कंपनी अपिलात गेली. नोव्हेंबर 2025 मध्ये अपील लवादानं दंड ठेवला, पाच वर्षांची बंदी मात्र काढली.

"दंड भरला की मोकळं," वैनी म्हणाल्या. "आमच्या गटात हप्ता चुकला तर दंडबी घेतो आन पुढचं कर्जबी थांबवतो."

"ते ऱ्हाऊ दे. तू परवा कापडाच्या दुकानात मोबाईल नंबर का दिलास?" आक्कांनी मोर्चा वळवला.

"मागितला त्यानं. बिल निघत न्हाई म्हणाला."

निघतं. बिलासाठी गिऱ्हाइकाकडं मोबाईल नंबराचा हट्ट धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक खात्यानं मे 2023 मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. वैनींना ते ठाऊक नव्हतं, दुकानदारालाही नसावं. नंबर दिल्यापासून वैनींना कर्ज हवंय का, प्लॉट हवाय का, असे फोन दिवसभर येतात. आवाज गोड, हिंदी बोलणारा, आणि नाव मात्र वैनींचं माहेरचं घेणारा.

"पन आक्का," वैनी उसळल्या, "तुमी तरी काय कमी? गल्लीत कुणाच्या घरात काय शिजलं, कुणाची सून माहेरी का गेली, समदं तुमाला ठाऊक. मग कंपनीला नावं का ठेवायची?"

हा प्रश्न खरा. आक्कांनी घेवड्याच्या शेंगा तोडायचं थांबवलं.

"हे बघ, मला तुजं ठाऊक, तर तुला माजं ठाऊक. माजा ल्योक दारू पिऊन कवा आलता, तुला म्हाईत न्हाई? म्हनून मी जपून बोलती, तूबी जपून बोलतीस. त्या कंपनीचं तुला काय ठाऊक हाय सांग. तिचा मालक काय खातो, कुनाचं देनं बुडवतो, आपलं कागद कुनाला इकतो? ऊस कारखान्याला घालताना आपुन काट्याजवळ का हुबं ऱ्हातो? आकडा दोघांला दिसाया पायजे. ह्यांचा काटा एकाच बाजूनं दिसतोय."

सांगली-साताऱ्याच्या माणसाला ही गोष्ट समजवायला पुस्तक लागत नाही. काटामारीवरून शेतकरी संघटनांनी किती आंदोलनं केली, ते आपल्या डोळ्यांदेखत झालं. आता उसाच्या शेतात एआय येऊ घातलंय. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टनं ते करून दाखवलं, जानेवारी 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी त्याचं जगभर कौतुक केलं आणि जूनमध्ये राज्य सरकारनं शेतीतल्या एआयसाठी 500 कोटींच्या धोरणाला मंजुरी दिली. उपग्रह वरून पीक बघणार, जमिनीतला सेन्सर ओल मोजणार, पाणी कधी द्यायचं ते मोबाईल सांगणार. पाणी वाचेल, खत वाचेल, चांगलंच आहे. भाऊजी तर हरखून गेलाय. पण माझ्या शेतात एकरी किती टन निघणार, हे तोडणीआधी माझ्याबरोबर आणखी कुणाकुणाला कळणार? कर्ज देणाऱ्याला? खत विकणाऱ्याला? त्यांना माझा आकडा कळणार असेल, तर त्यांचा आकडा मलाही कळायला हवा.

तरी आक्कांचं सगळंच वैनींना पटलं नाही. "काटा गावाचाबी सरळ न्हाई, आक्का. पोरगी एसटी स्टँडवर कुणाशी बोलली एवढ्या एका चौकशीनं तिचं कॉलेज बंद हुतंय. पोराचं कुणी इचारत न्हाई. आमच्या पोरीनं मोबाईलला कुलूप घातलं, तर ह्यांनी केवढा दंगा केला! मी म्हटलं, राहू दे. ह्या घरात तिच्या हक्काचं तेवढंच एक कुलूप हाय."

आक्का ह्यावर काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी मान हलवली, आणि आक्कांची मान सहसा हलत नाही.

सरकारचंही माप ह्याच काट्यावर घ्यायला हवं. नव्या प्रत्येक मोबाईलमध्ये 'संचार साथी' अ‍ॅप आधीपासून घालूनच द्या, असा आदेश दूरसंचार खात्यानं कंपन्यांना दिल्याचं डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला बाहेर आलं. अ‍ॅप वाईट नाही, हरवलेला फोन बंद करायला त्याचा उपयोग होतो. पण न विचारता घरात शिरणारा पाहुणा कुणालाच आवडला नाही. ओरड झाली आणि 3 डिसेंबरला सक्ती मागं घेतली गेली. ओरड कशी करावी हे एका म्हाताऱ्या माणसानं आधीच दाखवलं होतं. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी वयाची ऐंशी ओलांडल्यावर आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच खटल्यात 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

"आपल्या गावाला हे कोर्टानं सांगाया नको हुतं," आक्का म्हणाल्या. "आमच्या सासूबाई सांगायच्या, प्रतिसरकारच्या टायमाला भूमिगत मानसं घरात असायची आन शेजारनीला ठाऊक असून ती पोलिसाला सांगायची न्हाई."

खरंच आहे. 1943 ते 1946 ह्या काळात कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं मोठं ठाणं. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं इंग्रजांचा पगार नेणारी रेल्वे लुटली, त्यात इथले जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड होते. इंग्रजांनी जंग जंग पछाडलं, पण नाना पाटील त्यांच्या हाती लागले नाहीत. एवढी माणसं लपली ती डोंगराच्या आडोशानं नव्हे, गावाच्या मुकेपणानं. खबऱ्यांची मात्र तळपायावर काठ्या मारून खोड मोडली जाई. कुणाचं काय कुणाला सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, ह्याची शिस्त ह्या गावाला होती.

आता तीच शिस्त कायद्यानं आणायची आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला, आणि कंपन्यांवरच्या मुख्य अटी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. माहिती सांभाळली नाही तर दंड 250 कोटींपर्यंत. तो मात्र सरकारच्या तिजोरीत जाणार. ज्या वैनींची माहिती फुटली, त्यांच्या हातात त्यातला रुपया येणार नाही. वर त्याच कायद्यानं माहिती अधिकाराचं एक कलम बदललं. कुणाची वैयक्तिक माहिती म्हटली की ती नाकारायला अधिकाऱ्याला आता पूर्वीपेक्षा सोपं झालं. अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्रानं 2002 मध्ये, देशाच्या तीन वर्षं आधी, माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा केला होता. त्या राज्याला हे खटकायला हवं.

"म्हंजे त्यांनी आपलं बघायचं, आपुन त्यांचं बघायचं न्हाई," आक्कांनी एका वाक्यात कायदा गुंडाळला आणि शेंगांची पाटी उचलली. भाऊजी झेरॉक्स फाडायला आत गेला.

माझं मत आक्कांच्या बाजूनं पडतं, वैनींच्या कुलपासकट. माहिती द्यावी लागते; रेशनला, उसाला, म्हशीलाही. पण मागणाऱ्याला तीन प्रश्न विचारूनच द्यावी: कशाला हवी, कुणाला देणार आणि काम झाल्यावर फाडणार का? दुकानात नंबर मागितला तर नाही म्हणा, बिल तरी निघतं. ओटीपी कुणालाच सांगू नका, आणि फसलात तर लाजत बसण्याआधी 1930 वर फोन करा. येत्या ग्रामसभेत एवढं तरी विचारा, की गावातल्या केंद्रांवर साठलेल्या आपल्या आधारकार्डांच्या झेरॉक्स कोण आणि कधी फाडणार आहे.