वॉरंटीचा शेवटचा महिना

एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेला माणूस सुरुवातीची वर्षं गाडीला काही होऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसतो आणि शेवटच्या महिन्यात काहीतरी व्हावं म्हणून. आमच्या घरी सध्या तो शेवटचा महिना चालू आहे. उचगावातून तावडे हॉटेलकडं निघालो की काचा बंद, गाणी बंद, सगळ्यांचे कान बॉनेटकडं. "अहो, खर्रर्र झालं बघा," ही आशेनं म्हणते. निघतो शेजारून चाललेला उसाचा ट्रॅक्टर. पैसे भरलेत म्हटल्यावर एखादा कॉम्प्रेसर तरी जायला नको का?

ही वॉरंटी विकण्याची कला मोठी आहे. शोरूममधला पोरगा तासभर सांगतो, "सर, या गाडीला बघावं लागत नाही." आपण चेकवर सही केली की तोच पोरगा आवाज उतरवून विचारतो, "पण गिअरबॉक्स गेला तर काय करणार, सर?"

त्यातून कंपन्यांची ती 'जे आधी संपेल ते' ही अट. मारुतीनं जुलै २०२४ मध्ये मूळ वॉरंटी दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरवरून तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली. आता उचगाव ते गांधीनगर एवढीच ये-जा करणाऱ्यानं लाख किलोमीटर कधी गाठायचे? त्याची वर्षंच आधी संपणार. रोज पुणं गाठणाऱ्याचे किलोमीटर संपणार.

बरं, मिळतं काय? इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू आत. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, टायर बाहेर, ती झीज. थोडक्यात, नेहमी जातं ते आपलं, सहसा जात नाही ते कंपनीचं. तरी मी घेतलीच, आणि पुन्हाही घेईन. हप्ते भरणाऱ्या माणसाला दरवर्षी थोडं गेलेलं कळत नाही. ईसीयूचं बिल एकदम आलं की घरात आवाज चढतात.

पुराचं पाणी मात्र वॉरंटीत बसत नाही. २०१९ आणि २०२१ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला, तेव्हा ही गोष्ट पुष्कळांना कळली. ते खातं विम्याचं. तिथंही पाण्यात बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारून इंजिन गेलं, तर त्यासाठी वेगळं इंजिन प्रोटेक्ट कव्हर घ्यावं लागतं. पंचगंगेचं बरं आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका, सरळ हिशेब. वॉरंटीच्या पुस्तिकेत इशारा कुठल्या पानावर आहे ते धोका झाल्यावर सापडतं.

आणखी एक अट: बाहेरच्या मेस्त्रीचा हात लागता कामा नये. जिथं बाजारात न मिळणारा पार्ट लेथवर करून देतात, त्या उद्यमनगरातून आम्ही इतकी वर्षं मान खाली घालून गेलो. परवा आमच्या जुन्या मेस्त्रींनी गाठलंच.

"संपत आली न्हवं वॉरंटी? आता या की आमच्याकडं."

"तुमच्या कामाची गॅरंटी किती?"

"मी हाय तवर."

"लिहून द्याल?"

"लिहून कशाला? मी काय पळून चाललोय व्हय?"