वतनदार टाच

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी कंबर कसणाऱ्या चाळिशीपारच्या सद्गृहस्थांची जे निंदा करतात, त्यांना वतन या संस्थेचे मर्म कळलेलेच नाही. दरसाल ऑक्टोबरात टाचेमागची शीर ठणकू लागावी, धन्याने तिची रजा मंजूर करावी, ठणका शमताच कसलीही चौकशी न करता तिला पेडर रोडच्या चढावर पूर्ववत रुजू करून घ्यावे आणि पुढल्याच रविवारी तिने लंगडत नवा अर्ज गुदरावा, ही वहिवाट इतकी निर्वेध आहे की तीत फेरफार सुचविणे हा परंपरेचा अधिक्षेपच होय. १९९८ साली स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी तो आगाऊपणा केला: पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच सावकाश खाली सोडायची, पंधरा-पंधरा वेळा, तीन फेऱ्यांत, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, थोडे दुखले तरी थांबायचे नाही. शिरेचे बळ विश्रांतीने नव्हे, भाराने वाढते, हे एकदा मान्य केले की रविवारच्या न्याहारीला बोलण्यासारखे उरणार ते काय? उलट सरकारने प्रत्येक दुखऱ्या टाचेस वंशपरंपरागत सनद द्यावी, बर्फाची सालिना नेमणूक बांधून द्यावी, आणि पदके ४२.१९५ किलोमीटरांवर न वाटता दुखापतींच्या ज्येष्ठतेवर वाटावीत.

आमच्या शेजाऱ्यांनी मात्र नवमताचा स्वीकार केला आहे. बूट, मनगटी घड्याळ, पोटरीचा पट्टा अशी जय्यत सिद्धता झाली. उणीव राहिली ती एका पायरीची. तिच्या शोधार्थ ते काल सातव्या मजल्यावरून लिफ्टने खाली उतरले.