जिप्सीचा जीर्णोद्धार

१९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीला कंपनीने ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन देऊन अन्याय केला. तो दूर करणाऱ्या हौशी मंडळींचं जाहीर अभिनंदन! त्यांनी तिच्यात दणकट डिझेल इंजिन बसवलं. ते जड, म्हणून पुढचे पाटे बदलले. ताकद वाढली, म्हणून गिअरबॉक्स. मग ॲक्सल, रेडिएटर, ब्रेक. (रंग तेवढा मूळचाच, अधूनमधून.) हलकी असल्यामुळे जिप्सी चिखलातून सहज निघायची, हा दोषही आता गेला.

पुढच्या टप्प्यात बॉडी बदलावी, म्हणजे जुन्या गाडीचा अडसरच संपेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफाराआधी परवानगी मागतं, पण आरसी बुकात अजून ९७० सीसीच आहेत. काळजी नसावी. जुनं इंजिन माळ्यावर सुखरूप आहे आणि विमा त्याचाच आहे.