दिव्यात तळं बांधणाऱ्या उस्तादांना अनावृत पत्र

शिवाजी नगर, भोपाळ

श्रीमान उस्तादजी यांस,



पत्र मराठीत लिहीत आहे. भोपाळात मराठी घरं पुष्कळ आहेत, आपल्याला कोणीही ते वाचून दाखवील. आपलं आणि दुकानाचं नाव मी लिहिलेलं नाही. एवढं मोठं काम करून साधी पावतीही न देणाऱ्या माणसाला प्रसिद्धीची हौस नसणार, हे मी जाणून आहे.

प्रथम आभार मानतो. माझ्या भाच्याने एक जुनी गाडी घेतली. आधीच्या मालकाने तिचे हेडलाइट आपल्याकडून सजवून घेतले होते. आत प्रोजेक्टर, त्याभोवती पांढऱ्या उजेडाचं कडं, त्यात एलईडी बल्ब आणि काचेच्या कोपऱ्यात आपल्या दुकानाचा स्टिकर. उन्हाळाभर गाडी फार देखणी दिसली. उन्हाळाभर आपल्या कामात एकही खोट निघाली नाही, हे मी सर्वांसमक्ष सांगतो.

मग पाऊस आला. शिवाजी नगरात गाड्या झाडांखाली उभ्या असतात. ही झाडं सहज उरलेली नाहीत. २०१६ साली स्मार्ट सिटीसाठी हीच वस्ती निवडली गेली होती. लोकांनी झाडांसाठी विरोध केला आणि प्रकल्प टी. टी. नगरकडे गेला. त्या झाडांवरून पाणी रात्रभर बॉनेटवर ठिबकत राहिलं. सकाळी पाहतो तर उजव्या हेडलाइटच्या तळाशी बोटभर पाणी आणि डाव्याची काच आतून थेंबांनी भरलेली. भोपाळात तलाव आधीच पुष्कळ आहेत. त्यांत आपण आणखी दोनांची भर घातलीत, आणि तीही चाकांवर फिरणारी. शहराने आपले उपकार कसे फेडावेत?

तक्रार घेऊन आलो तेव्हा आपण बसायला स्टूल दिलंत, चहा मागवलात आणि म्हणालात, "बरसात में थोड़ा तो आता ही है." चहा चांगला होता. वाक्य अर्धंच खरं होतं.

खरा अर्धा भाग असा, की कारखान्यातून आलेल्या कोऱ्या हेडलाइटलाही दमट हवेत आतून पातळ वाफ धरते. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं, गाडी धुतली, की धरते. दिवे लावून गाडी थोडी चालवली की ती विरते. तिची काळजी करू नये. पण थेंब होऊन ओघळणारं, तळाशी साचणारं, वळणावर एका कडेहून दुसरीकडे हिंदकळणारं पाणी ही सरळ गळती असते. वाफ आणि गळती या दोहोंना आपण एकाच उदार शब्दात, "थोड़ा" म्हणून, सामावून घेतलंत. आपल्या गिऱ्हाइकाला हा फरक माहीत नसतो. त्याच्या या अज्ञानावर आपलं दुकान चालतं.

दुसऱ्यांदा आलो तेव्हा आपण वेळ न दवडता हेडलाइटच्या तळाला ड्रिलने भोक पाडून दिलंत. पाणी आलं तरी निघून जाईल, असं आपण समजावलंत, आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. पाणी त्या भोकातून खरोखर निघून गेलं. पण पुढच्या चाकाने उडवलेला चिखल, लिंक रोडची धूळ आणि डिझेलची काजळी त्याच वाटेने आत आली. मग काच आतून मळू लागली, बाहेरून कितीही पुसली तरी. सोबत आपण ओल शोषणाऱ्या खड्यांच्या दोन पुड्याही आत टाकल्या होत्या. त्या पहिल्याच पावसात पिऊन तृप्त झाल्या आणि ओल्या होऊन तळाशी पडून राहिल्या.

आपल्या कारागिरीचं खरं दर्शन हेडलाइट उघडल्यावर झालं. ते काम दुसऱ्या एका कारागिराने केलं. आम्ही समोर बसून पाहिलं.

हेडलाइटचा मागचा डबा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. पुढे आपण जिला काच म्हणतो ती पॉलिकार्बोनेटची. डब्याच्या कडेने एक खाच फिरते. तीत ब्यूटाइल रबराचा काळा, चिकट पट्टा बसवलेला असतो आणि त्यात काचेची कड रुतलेली असते. सगळी मदार या खाचेवर. भट्टीत शंभरेक अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवलं की ब्यूटाइल मऊ होतं आणि काच अलगद सुटते. (काही गाड्यांत कायमचं घट्ट होणारं पॉलियुरेथेन असतं. तिथे काच कापून काढावी लागते आणि शहाणा माणूस त्या वाटेला जात नाही.) आपण भट्टीचा वेळ वाचवलात. हीट गन एका जागी धरून डब्याची कड वाकवलीत, पेचकसाने काच उचकटलीत आणि काच धरून ठेवणाऱ्या खुंट्या मोडल्यात. मग जुनं ब्यूटाइल निम्मं तसंच ठेवून त्यावर बाथरूमच्या फटींत भरतात ते सिलिकॉन पिळलंत.

पॉलिप्रॉपिलीन कुठल्याही गोंदाला सहज दाद देत नाही. सिलिकॉन त्यावर बसल्यासारखं दिसतं. उन्हापावसाचे चार फेरे झाले की सालीसारखं सुटतं. तेवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. सुकताना व्हिनेगरचा वास येतो त्या जातीच्या सिलिकॉनमधून ॲसेटिक आम्लाची वाफ निघते. रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा थर निर्वात पेटीत चढवलेला, इतका पातळ की फडक्याने पुसला तरी खराब होतो. त्यावर ही वाफ कोंडली तर तो काळवंडायला वेळ लागत नाही. भाच्याच्या उजव्या रिफ्लेक्टरवर ते डाग आता कायमचे आहेत. आणि जिथे सिलिकॉनचा अंश राहतो तिथे नंतर ब्यूटाइलही धरत नाही. त्या कारागिराचा निम्म्याहून अधिक वेळ आपलं सिलिकॉन खरवडण्यात गेला.

आता आपली सर्वांत मोठी कामगिरी. हिच्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो.

अशा हेडलाइटला श्वास घ्यायला जागा ठेवलेली असते. कुठे वाकडी रबरी नळी, कुठे नाण्याएवढं पांढरं पापुद्र्यासारखं पटल. ते पटल ताणलेल्या पीटीएफई या प्लास्टिकचं असतं. १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी हा ताणलेला प्रकार शोधला. त्याची छिद्रं एवढी बारीक, की हवा आणि वाफ जाते आणि पाण्याचा थेंब अडतो. कारखान्याने पैसे खर्चून ते लावलं ते शोभेसाठी नव्हे. काच बसवताना आपल्याला ते भोक दिसलं आणि पाणी इथूनच आत येईल असं ठरवून आपण तेही सिलिकॉनने बुजवलंत. दोन्ही बाजूंचं.

गरम भात भरून घट्ट झाकलेला डबा गार झाल्यावर झाकण निघता निघत नाही, हे आपल्या घरच्यांनाही माहीत असेल. हेडलाइटचंही तेच होतं. दिवा लागला, इंजिन तापलं, आतली हवा २५ अंशांवरून ७० अंशांवर गेली, की ती फुगून कुठल्या तरी फटीतून बाहेर पडते. मग एखाद्या डबक्यातून गाडी गेली, दिवा गार झाला, की आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे १३ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. एवढी ओढ सव्वा मीटरहून अधिक उंचीचं पाणी वर खेचू शकते. श्वासाची वाट उघडी असती तर त्या जागी हवा आत आली असती. ती आपण बंद केलीत. म्हणून दिव्याने सगळ्यात कच्च्या सांध्यातून श्वास घेतला, आणि तो सांधा त्या वेळी पाण्याखाली होता. पाणी आपल्या सिलिकॉनमधून गळत गेलं नाही, उस्तादजी. दिव्याने ते ओढून घेतलं, आणि ओढायला आपण लावलंत.

मागच्या रबरी बुटाबद्दलही आभार मानायला हवेत. पूर्वीच्या हॅलोजन बल्बच्या मागे रबराचा एक बूट बसायचा. तो ओल आणि धूळ अडवायचा. एलईडी बल्बच्या शेपटीला पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पाकळ्या असतात, त्या बुटात मावत नाहीत. आपण बूट काढून ठेवलात आणि दिव्याची पाठ नुसत्या बल्बच्या भरवशावर सोडलीत. बल्बच्या खोक्यावर पाणी-धूळ न शिरण्याचा दर्जा म्हणून आयपी ६८ असं ठळक छापलं होतं आणि आपण त्यावर बोट ठेवून हमी दिली होतीत. तो आकडा असलाच तर बल्बचा आहे. बल्ब भिजून टिकेलही. पण ज्या डब्यात तो बसवला त्या डब्याच्या दाराला आपण झाकणच ठेवलं नाहीत, त्याचं काय?

शिवाय ५५ वॉटचा हॅलोजन आपल्या उष्णतेचा मोठा भाग पुढे फेकायचा. काच शेकली जायची आणि धरलेली वाफ उडून जायची. एलईडी आपली उष्णता मागे पंख्याकडे सोडतो, पुढची काच गारच राहते. म्हणजे एलईडी लावल्यावर सांधे पूर्वीपेक्षा अधिक पक्के हवेत आणि श्वासाची वाट अधिक मोकळी हवी. आपण नेमकं दोन्हींच्या उलट केलंत. असं एकाच वेळी सगळं चुकवायलाही सवय लागते.

थिनरने काच पुसल्याबद्दल वेगळे आभार. पॉलिकार्बोनेटला त्याने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. त्या आता आहेत.

कायद्याच्या बाबतीत आपण विशेष नि:स्वार्थी निघालात. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करून घेणाऱ्या गाडीमालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हे आपण आधीच्या मालकाला सांगितलं नाहीत. उजेड विकताना त्यातला धोका गिऱ्हाइकाच्या नावावर केलात आणि नफा तेवढा स्वत:कडे ठेवलात.

इथवर मी हात जोडून लिहिलं. पुढचं तसं लिहिता येणार नाही.

आमची माणसं नागपूरला जातात ती ओबेदुल्लागंजवरून. डॉ. वि. श्री. वाकणकरांनी शोधलेल्या भीमबेटकाच्या बाजूने रस्ता रातापानीच्या जंगलात शिरतो. २०२४च्या डिसेंबरात हे जंगल व्याघ्रप्रकल्प झालं. तिथे रात्री काळोख असतो, रस्त्यावर गुरं बसलेली असतात, अचानक नीलगाय आडवी येते. आपल्या दिव्यांनी तिथे काय दिसतं ते सांगतो. प्रोजेक्टरच्या लो बीमला वरून एक ठळक रेघ असते. उजेड तिच्या खाली राहतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. काचेच्या आतला प्रत्येक थेंब ती रेघ मोडतो आणि उजेड वाटेल तिकडे उधळतो. रस्त्याची कड दिसेनाशी होते. समोरून मोटरसायकलवर बायको आणि पोर घेऊन येणाऱ्या माणसाला मात्र पांढऱ्या भडक्याखेरीज काही दिसत नाही. त्याने आपल्याला एक रुपया दिलेला नाही. त्याने आपल्याकडून काही करून घेतलेलं नाही. तरी आपल्या कामाची किंमत तो मोजणार आहे, आणि ती रुपयांत नसेल.

म्हणून मला राग आहे. स्टिकरवर नाही, पांढऱ्या कड्यावरही नाही. तरुण पोरांना गाडी सजवावीशी वाटते, वाटू द्या. पण दिवा ही सजावटीची वस्तू आपण केलीत. दिवा उघडला तर तो पुन्हा तसाच बंद करता आला पाहिजे. ते येत नसेल तर उघडू नये.

त्या दुसऱ्या कारागिराने जे केलं ते आपल्या माहितीसाठी लिहून ठेवतो. त्याने खाचेतलं सगळं खरवडून काढलं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. नवं ब्यूटाइल अखंड फिरवलं, जोड आला तो खाली न ठेवता वर ठेवला. डबा भट्टीत तापवून काच चहूबाजूंनी सारखी दाबली, थंड होईपर्यंत क्लॅम्प काढले नाहीत. मोडलेल्या खुंट्यांच्या जागी स्क्रू मारले. आपलं भोक बुजवलं. श्वासाच्या वाटा मोकळ्या करून नवी पटलं चिकटवली. मागे एलईडीच्या मापाचं खोल झाकण बसवलं. शेवटी एका वाटेने अगदी हलक्या दाबाने हवा सोडली आणि सांध्यावर साबणाचं पाणी फिरवलं. एका कोपऱ्यात बुडबुडे आले. त्याने पुन्हा तापवलं, पुन्हा दाबलं, बुडबुडे थांबल्यावरच दिवा आमच्या हातात दिला. पावती दिली. तिच्यावर काय केलं ते लिहिलं होतं.

एक विनंती. आपल्या दुकानात मागच्या भिंतीला काढून ठेवलेल्या रबरी बुटांचं एक पोतं आहे, मी ते पाहिलं आहे. त्यातला प्रत्येक बूट कोणाच्या तरी गाडीचा आहे, आणि त्या गाड्या आज रात्रीही रस्त्यावर असतील. वहीत फोन नंबर असतीलच. एकेकाला बोलवा, दिवे तपासा, ज्याचा त्याला बूट परत करा, आणि ज्या वाटा बुजवल्यात त्या उघडून द्या. भाच्याचे दोन मी उद्या न्यायला येतो आहे.

कळावे, लोभ असावा,

शिवाजी नगरातला एक गाडीवाला