बदामाची मागची बाजू

तळं पाहायला जावं तर तळं दिसत नाही, गावाचं नाव दिसतं. माणसाहून उंच अक्षरं, रात्री दिवे लागणारी. आधी 'आय', मग लालभडक बदाम, मग गावाचं नाव. तळं त्याच्या मागे कुठेतरी असतं म्हणतात. 'सी' आणि 'एच' यांच्या फटीतून थोडं पाणी दिसतं, तेवढ्यावर भागवायचं.

हा बदाम कुठे बसवायचा याचं एक शास्त्र आहे. गावात पाहण्यासारखी जी एकुलती एक जागा असेल, तिच्या बरोब्बर पुढ्यात. घाट असेल तर पायऱ्या झाकल्या गेल्या पाहिजेत. धबधबा असेल तर पाणी बदामावरच पडतंय असं वाटलं पाहिजे. किल्ला असेल तर पायथ्यालाच, म्हणजे वर चढायचे कष्ट वाचतात आणि लोक फोटो काढून मिसळ खायला मोकळे होतात. २०२५च्या जुलैत आपले किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. बारापैकी अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. मलाही आनंद झाला. लगोलग भीती वाटली ती एवढीच, की आता अकरा बदामांचं एस्टिमेट निघणार.

या बदामाचं मूळ न्यूयॉर्कचं. १९७७ साली तिथे पर्यटक यावेत म्हणून तो जाहिरातीत झळकला. त्या काळी शहराच्या तिजोरीत खडखडाट होता आणि रात्री बाहेर पडायला लोक घाबरत. म्हणजे तिजोरी रिकामी झाल्यावर त्यांना बदाम सुचला. आपण क्रम तेवढा बदलून घेतला आहे. ॲमस्टरडॅमच्या मोठ्या संग्रहालयासमोरही अशीच उंच अक्षरं होती. ती २०१८च्या डिसेंबरात तिथून हलवली, आणि फोटोवाल्यांची गर्दी हे त्याचं एक कारण होतं. आपल्याकडे हलवण्यासाठी ठराव वगैरे लागत नाही. पत्रा, तारा, दिवे अशा क्रमाने अक्षरं आपोआप भंगारवाल्याकडे रवाना होतात.

बदामाखाली ग्रॅनाइटची पाटी असते. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. संकल्पना अमुक. प्रेरणा तमुक. मार्गदर्शन, विशेष प्रयत्न, पाठपुरावा, शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती. वर 'आय' एकवचनी आहे, खाली नावं पंगतीला बसल्यासारखी. पत्र्याचा एक बदाम कापायला इतक्यांचं मार्गदर्शन का लागलं असेल, हा प्रश्न विचारू नये. कापणाऱ्या वेल्डरचं नाव पाटीवर नाही, एवढं लक्षात ठेवावं. मधली काही वर्षं कितीतरी नगरपालिकांत निवडणूकच झाली नाही, खुर्चीत प्रशासक होते. तेव्हा वाटलं होतं, आता संकल्पना थांबतील. कसल्या थांबतात! नावाआधी 'माजी' लागलं, ज्यांना तेही लागत नव्हतं त्यांनी 'भावी' लावलं, आणि बदाम येतच राहिले.

हे सगळं पुढून. पुढून सगळेच पाहतात. मी म्हणतो, एकदा मागून पाहा. बदामाचं तोंड नेहमी रस्त्याकडे असतं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे. गावाकडे त्याची पाठ. गावातल्या माणसाला रोज सकाळी दिसतात ते गंजके अँगल, लोंबणाऱ्या वायरी, तिरप्या टेकूला बांधलेली नायलॉनची दोरी आणि तिच्यावर कुणाचा तरी टॉवेल. अक्षरंही त्याला उलटी दिसतात. ज्याचं गावावर प्रेम आहे असं लिहिलंय, त्यालाच ते वाचता येत नाही. वाचतो तो पाच मिनिटं थांबून पुढे जाणारा इनोव्हावाला, ज्याला गावाचं नाव उद्या आठवणार नाही. बरं, मागे नुसते अँगल असते तरी म्हटलं असतं, चला, बांधकाम आहे. पण आडोसा ही आपल्याकडे फार दुर्मीळ वस्तू आहे. सात-आठ फूट उंच, लांबलचक, रस्त्याकडून काही दिसू न देणारा पत्र्याचा आडोसा सरकारी खर्चाने उभा राहिल्यावर गावातल्या आणि परगावच्या समस्त पुरुषांनी त्याचा जो उपयोग करायचा तो पहिल्याच संध्याकाळी सुरू केला. पुढे बायको बदामाला टेकून हसतेय, नवरा फोटो काढतोय. मागे दुसऱ्या गाडीतला नवरा भिंतीकडे तोंड करून उभा. दोघांच्या मध्ये अंतर पत्र्याच्या जाडीएवढं. वारा फिरला की पुढच्या फोटोतलं हसू जरा आखडतं. त्याचं कारण फोटोत येत नाही, हाच फोटोचा मोठा गुण.

आता इथे माझं डोकं फिरतं, आणि ते फिरलंय हे लपवण्यात अर्थ नाही. पुरुषांची सोय बदामाने केली. बायकांनी काय करायचं? २०२३च्या मार्चपासून आपल्या राज्यात बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. चांगली गोष्ट झाली. ज्या बायका माहेर आणि पंढरपूर सोडून कुठे गेल्या नव्हत्या, त्या आता मैत्रिणींना घेऊन, डबे बांधून, खिडकीतल्या जागेवरून भांडत फिरायला निघाल्या. पण त्यांना घराबाहेर काढताना कुणाच्या डोक्यात एवढंही आलं नाही की बाई सकाळी सहाला निघाली तर दुपारी बारापर्यंत तिला कुठेतरी जावं लागेल! म्हणून ती निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही. भर मे महिन्यात. मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्या रस्त्याच्या खड्ड्यांवर लेख येतात, गाणी येतात, विनोद येतात. त्याच खड्ड्यांतून तुंबलेल्या पोटाने आदळत जाणाऱ्या बाईवर विनोद कुणी करत नाही, कारण तिने ते सांगितलेलंच नसतं. बदामाशेजारी स्वच्छतागृह असतंच, असं नका समजू की नसतं. निळ्या टाइल्स लावलेलं, स्त्री-पुरुषांची चित्रं काढलेलं, उद्घाटन झालेलं. त्याला कुलूप असतं. चावी समोरच्या टपरीवाल्याकडे. टपरीवाला जेवायला गेलेला. चावी मिळालीच तर आत पाणी नाही, कारण मोटर बदामाच्या कारंज्याला जोडली आहे. आणि बाहेर काउंटरवर एक इसम पाच रुपये मागायला मात्र न चुकता हजर. कुलपाचं भाडं असावं.

तक्रारी अर्थातच गेल्या. बायकांच्या गेल्या त्या फाइलीत राहिल्या; बदामाच्या मागून वास येतो अशी तक्रार फोटोवाल्यांकडून गेली, तिची दखल तातडीने घेतली गेली. आधी 'येथे घाण करू नये' असं रंगवलं. लोकांनी ते वाचत वाचत काम उरकलं. मग दंडाची रक्कम लिहिली. मग आपल्याकडे शेवटचा उपाय जो असतो तो केला: अँगलमध्ये विटा भरून भिंत घेतली आणि तिच्यावर देवांच्या टाइल्स बसवल्या. सर्व धर्मांच्या, एका रांगेत. वास थांबला हे मान्य केलं पाहिजे. पण आठवड्याभरात एका टाइलसमोर उदबत्ती दिसली. मग नारळ. मग दानपेटी, आणि दानपेटीला स्वच्छतागृहाच्या कुलपापेक्षा चांगलं कुलूप. मग गुरुवारची आरती, आरतीला मंडप, मंडपाला कमान, कमानीवर संकल्पना, प्रेरणा, मार्गदर्शन. आता रस्ता रुंद करायला मोजणीवाले आले तर रस्त्यालाच वळण द्यावं लागतं, कारण बदामाला हात लावला तर भावना दुखावतात. तळ्याकडे जायची जी पायवाट होती ती मंडपात गेली. तळं आहे का, हे विचारणाराही आता कुणी नाही. फोटोत ते तसंही येत नव्हतं.

आणि पुरुष? ते दहा पावलं पुढे सरकले. 'आय'च्या मागे टाइल्स नाहीत.

बायकांचं जुनंच चालू आहे. बसमधून उतरायचं, रस्त्यापलीकडच्या हॉटेलात शिरायचं, नको असलेला चहा मागवायचा, तो गटागटा पिऊन मालकाकडे बघत हळूच विचारायचं, "दादा, आत जाऊ का?" अर्ध्या तिकिटात वाचलेले पैसे त्या चहात जातात. मालक कधी हो म्हणतो, कधी 'फक्त जेवणाऱ्यांसाठी' म्हणतो. हो म्हणाला तरी घेतलेला चहा पोटात आहेच, त्याचा परिणाम पुढच्या गावी जाणवतो. तिथे अजून काही नाही. पण एस्टिमेट मंजूर झालं आहे. बदामाचं.